आजी जेवायला बसली

गाडी कारखान्यांच्या लांबलचक भिंतीजवळून वळली तेव्हा आजीने विचारलं, "तो घरी असेल ना?"

"रविवार आहे. असणारच," आत्या म्हणाली.

"आणि मी येतेय हे त्याला सांगितलंयस?"

आत्याने आरशात मागची गाडी बघितली, मग समोरचा सिग्नल बघितला. आजीकडे, आपल्या आईकडे, तेवढं बघितलं नाही.

"नाही सांगितलंस," आजी म्हणाली. "बरं केलंस. सांगितलं असतंस तर त्याने लिफ्टच बंद करून ठेवली असती."

लिफ्टच्या दुरुस्तीचा धंदा वडलांकडून आत्याच्या भावाकडे, दादाकडे, आला होता, आणि त्यावरचे विनोदही वडलांच्याच काळापासून चालत आले होते. पण आज आत्याला हसू आलं नाही. सकाळीच वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, उद्या सकाळी हे भिंगरीला घेऊन जातायत," वहिनी एवढंच म्हणाली होती. "बॅगसुद्धा भरली."

भिंगरी ही दादा-वहिनीची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी. आता पंधरा वर्षांची होती, आणि अजूनही टिकत नव्हती, पण आता त्याचं कुणाला कौतुक वाटत नव्हतं. उभ्यानेच अभ्यास करायची, जिने चढायची-उतरायची, भर उन्हात दोन-दोन स्वेटर घालायची. आणि जेवायची नाही. इस्पितळात आत्याच्याच विभागातला दाढीवाला डॉक्टर तिला तपासत होता. आत्या तपासत नव्हती, कारण आपल्या माणसांवर उपचार करायचे नाहीत, असा तिथला नियम होता. परवाच दाढीवाल्याने सांगितलं होतं : घरी प्रयत्न करता येईल एवढी मुलीची तब्येत अजून धड आहे, पण फार वेळ नाही. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एक होऊन बसा आणि तिला जेवू घाला. वजन आणखी उतरलं, तर भरती.

दादाने ते ऐकून घेतलं, घरी आला, आणि दूर डोंगरापलीकडच्या एका संस्थेत जागा नक्की करून टाकली. तिथे मुलींना ठेवून घेत. पहिले काही महिने आईवडलांना भेटता येत नसे. दादाला नेमका तोच नियम पटला होता.

"एक विचारू?" आजी म्हणाली.

"विचार की."

"इतकी वर्षं विचारलं नाही. भीती वाटायची, तू खरं सांगशील म्हणून." आजीने मांडीवरच्या पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला होता. "थोरलीला मी मारलं का गं?"

आत्याने गाडी बाजूला घेतली. बंद असलेल्या टायरच्या दुकानासमोर थांबवली. इंजिन बंद केलं.

थोरली, म्हणजे आजीची पहिली मुलगी. तीही जेवेना. ती गेली तेव्हा दादा सोळाचा होता आणि आत्या बाराची. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरने भर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर आजीला सांगितलं होतं, "मुलगी आजारी नाही, बाई. तुम्ही तिला आजारी केलंत. तुमच्यापासून तोडली की जेवेल." आणि तोडली. आजी रोज डबा घेऊन जायची आणि वॉर्डाच्या धुरकट काचेच्या दाराबाहेर उभी राहायची. दार उघडलं नाही. थोरली जेवली नाही. हिवाळा संपायच्या आत गेली.

त्या डॉक्टरचं ते वाक्य घरात प्रत्येकाने आपापल्या परीने घेतलं. दादाने ते खरं मानलं. आत्याने तो प्रश्न मानला आणि त्याचं उत्तर शोधायला म्हणून ती डॉक्टर झाली, मग संशोधनात शिरली, आणि तिथेच राहिली. आजीने ती शिक्षा मानली आणि मुकाट भोगली.

"आई, मला सगळं कळलेलं नाही," आत्या म्हणाली. "जेवढं कळलंय तेवढंच सांगते. आमच्याकडे कडक आयांच्या मुली येतात आणि मऊ आयांच्याही येतात. भांडखोर घरातल्या येतात, एकमेकांना 'अरे'सुद्धा न म्हणणाऱ्या घरातल्या येतात. मुलगेही येतात. एकाच आईच्या हातचं खाऊन एक बहीण आजारी पडते आणि दुसरी हत्तीसारखी धडधाकट राहते."

"तू लहानपणी ताटसुद्धा चाटायचीस."

"तेच म्हणतेय. घर बघून ओळखता येत असतं, तर मी लोकांचं रक्त आणि थुंकी गोळा करत कशाला बसले असते?"

"माझीही घेतलीस."

"तुझी पहिली."

आजीला याचा मोठा अभिमान होता. इमारतीतल्या सगळ्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं की, मी विज्ञानासाठी थुंकले.

"बरंचसं जन्मतःच अंगात असतं, आई. कुणाला दमा असतो, कुणाचा डोळा आळशी असतो, तसं. मग काहीतरी निमित्त होऊन वजन उतरतं, ताप म्हण, खेळ म्हण, कुणी शाळेत काही बोललं म्हण, आणि ते पेट घेतं. आईमुळे होतं, याचा पुरावा शोधणारे खूप होते. हात धुऊन मागे लागले होते. कुणाला सापडला नाही." आत्या तिच्याकडे वळली. "आणि आईवडलांना बाहेर काढलं की मूल बरं होतं, हेही उलटंच निघतंय. त्यांना आत घेतलं, ताटाशी बसवलं, की बरं होतं, असं दिसतंय. माझा मोठा अभ्यास त्यावरच चालू आहे. निकाल हातात यायचाय. पण दिसतंय."

आजी समोरच्या दुकानाच्या शटरकडे बघत राहिली.

"म्हणजे तो डॉक्टर चुकला."

"चुकला."

"मोठा डॉक्टर होता गं तो."

"मोठा होता, म्हणून मोठंच चुकला."

आजी रडेल असं आत्याला वाटलं. पण आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि ताठ बसली.

"मग काढ की गाडी," ती म्हणाली. "बसलीयस काय? जेवायची वेळ झाली."

*

जेवायची वेळ झाली, हेच दादाच्याही मनात आलं, दार उघडून समोर आई दिसली तेव्हा.

भिंगरीचा जन्म झाल्यापासून या घरात एक नियम होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. आजीने यायचं ते चहाला. स्वयंपाकघरातून वास यायला लागला की दादा गाडीची किल्ली उचलायचा आणि म्हणायचा, "चल आई, सोडतो तुला." प्रेमाने म्हणायचा. हाताला धरून उतरवायचा. पण भिंगरी जेवत असताना आई त्या खोलीत, हे त्याला सहन व्हायचं नाही. थोरलीच्या ताटासमोर उभी राहून "गिळ, गिळ म्हणते ना" असं ओरडणारी आई त्याच्या कानांतून गेली नव्हती.

"ये," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "हे काय आहे?"

"जेवायला आलोय," आत्या म्हणाली.

"आज नको. आजचा दिवस बरोबर नाही."

"आजचाच बरोबर आहे. उद्या तू तिला नेतोयस म्हणतोस."

भिंगरीची बॅग दारातच उभी होती. आत्याने ती ओलांडली. आजीने ओलांडली नाही. तिने ती हाताने भिंतीकडे सरकवली आणि मग आत आली.

"हे बघ," दादाने आवाज खाली आणला, "मी सगळं करून बघितलंय. समजावलं, रागावलो, विनवण्या केल्या. माझ्या डोळ्यांसमोर मुलगी विरघळतेय. तिथे तज्ज्ञ लोक आहेत. घरापासून लांब असेल तर—"

"घरापासून लांब ठेवलं की बरी होते, असं कोण म्हणतं?"

"ते म्हणतात."

"मोजलंय त्यांनी? किती मुली गेल्या, किती बऱ्या झाल्या, परत आल्यावर किती जणी टिकल्या, असं काही दाखवलं तुला?"

दादा म्हणाला, "आणि तू मोजलंयस?"

"मोजतेय."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"पूर्ण माहीत नाही," आत्या म्हणाली. "निदान मला प्रश्न तरी पडलाय, दादा. त्यांना तोही पडलेला नाही."

या दोघांचं लहानपणापासून असंच होतं. दादाला बिघाड दिसला की पान्हा हातात हवा असायचा. आत्या आधी बिघाडाभोवती फेऱ्या मारायची. दोघेही तोंड उघडून पुढचं बोलणार, इतक्यात स्वयंपाकघरातून वहिनी आली. तिच्या हातात पाचवं ताट होतं. ते तिने टेबलावर ठेवलं.

"हे कुणाचं?" दादाने विचारलं.

"आईंचं."

"वहिनी, थँक्यू," आत्या पुटपुटली.

"अगं, पण आई काय खाणार आपल्याकडचं? तिचे दात—" दादाला दुसरं काही कारण सुचेना.

"त्यांचे दात मला ठाऊक आहेत," वहिनी म्हणाली. "मीच केलेत."

*

वहिनी कवळ्या करायची. दंतवैद्य माप घेऊन पाठवायचे आणि ती मागच्या रस्त्यावरच्या छोट्या प्रयोगशाळेत मेणात दात बसवायची, साच्यात घालून पक्के करायची, घासून गुळगुळीत करायची. बोलणं कमी आणि हातकाम बारीक. भिंगरी झाली तेव्हाच तिने ओळखलं होतं की, या घरात सासू आणि जेवण हे दोन शब्द एका वाक्यात येत नाहीत. ती त्यात पडली नाही. मग दोन वर्षांपूर्वी आजीची जुनी कवळी सैल झाली, आणि आजीने मुलाला न सांगता सुनेला फोन केला.

"कधी केलेस?" दादाने विचारलं.

"केले. चार-पाच वेळा यावं लागलं त्यांना. कवळी बसते का, चावता येतं का, हे खाऊनच बघावं लागतं. मी डबा नेते. आम्ही दोघी तिथेच जेवायचो." वहिनीने नवऱ्याकडे सरळ बघितलं. "कवळी कधीच झाली. आम्ही अजून जेवतो. दर बुधवारी."

दादा तिच्याकडे वळला.

"बुधवारी तू म्हणतेस काम जास्त असतं."

"असतंच. आईंना गप्पा फार."

आजी खुदकन हसली. आत्यालाही हे नवीनच होतं. ती वहिनीकडे अशी बघत राहिली, जशी कुणी आपल्याच घरात एक खोली जास्तीची सापडल्यावर बघेल.

"अहो, त्या समोर बसल्या म्हणून माझा घास कधी अडकला नाही," वहिनी म्हणाली. "मला एवढंच सांगायचं होतं. आता बसा."

तिने भिंगरीला हाक मारली.

भिंगरी आली. दाराच्या चौकटीशी उभी राहिली. आजीने तिला पंधरा वर्षं फक्त चहाच्या कपांपलीकडून बघितलं होतं. आता नीट बघितलं. गालांची हाडं बघितली, मनगटावरची बारीक लव बघितली, स्वेटरच्या लांब बाह्या बघितल्या. चाळीस वर्षांपूर्वीची मुलगीच चौकटीत उभी होती.

"आजी पण?" भिंगरी म्हणाली. "सगळे मिळून बघणार आहात मला?"

"सगळे मिळून जेवणार आहोत," वहिनी म्हणाली. "ये."

उकडून लोण्यात परतलेले बटाटे होते, अंडी होती, पाव होता, दुधाचा ग्लास होता. दाढीवाल्या डॉक्टरने सांगितलेलंच सगळं. त्यातून वगळायचं काही नाही, वाटाघाटी नाहीत. भिंगरीच्या एका बाजूला वहिनी बसली. दुसऱ्या बाजूची खुर्ची दादा ओढणार, तोच आजी तिच्यावर बसून मोकळी झाली.

*

सुरुवातीला वाईटच झालं.

भिंगरीने बटाट्याचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, ते ताटभर पांगवले. वहिनी म्हणाली, "खा, बाळा." भिंगरी म्हणाली, "खातेच आहे." वहिनी म्हणाली, "नाही खात आहेस. उचल." मग भिंगरीने काटा ठेवून दिला आणि दादाकडे बघितलं. डोळे भरले होते.

"बाबा, मला जमत नाही. खरंच जमत नाही. उद्या मी जाते ना तिकडे. जाते म्हटलंय ना मी? मग आज कशाला? तुम्हीच सांगा यांना. तुम्हालाच कळतं माझं."

दादा पुढे झुकला. "राहू दे," तो म्हणाला. "राहू दे आता तिला. रडतेय ती. उद्या—"

"दादा," आत्या हळूच म्हणाली, "ती कुणाच्या बाजूला गेली, बघितलंस?"

"माझ्या. मी बाप आहे तिचा."

"ती नाही रे. तिचा आजार आलाय तुझ्या बाजूला. जो आधी 'राहू दे' म्हणेल त्याच्याच शेजारी येऊन बसतो तो."

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव! पोरीला छळायचं म्हणजे उपचार? हेच आपल्या घरात झालं होतं. असंच टेबल, असंच 'खा, खा', आणि—" तो आईकडे वळला आणि थांबला.

"बोल," आजी म्हणाली. "पुढचं बोल. चाळीस वर्षं गिळलंयस, ओक एकदाचं."

दादाने मान फिरवली.

"मग मी बोलते. मी ओरडायचे थोरलीवर. खरं आहे. मला दुसरं काही येत नव्हतं. आणि मला कुणी सांगायलाही नव्हतं. ती हट्ट करतेय असं वाटायचं." आजीचा आवाज चढला नव्हता. "पण माझ्या ओरडण्याने ती आजारी पडली नाही. ती आजारी पडली म्हणून मी ओरडायला लागले. तू तेव्हा लहान होतास, तुला उलटं दिसलं. त्या डॉक्टरलाही उलटंच दिसलं, आणि तो तर लहान नव्हता."

भिंगरी रडायची थांबली होती. या घरात थोरल्या आत्याचा एक फोटो होता. ती आजाराने गेली, एवढंच तिला माहीत होतं. कुठल्या आजाराने, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"थोरल्या आत्याला हेच होतं?" तिने विचारलं.

आजीने दादाला हातानेच थांबवलं.

"हेच," आजी म्हणाली. "ती फार हुशार होती, आणि अशीच सतत उभी असायची. आणि बाहीत बटाटा लपवायची."

भिंगरीचा हात टेबलाखाली गेला होता, तो तिथेच थांबला.

"झटक बाही. कुणी रागावणार नाही. मला ओळखू येतं, एवढंच."

बाहीतून बटाट्याचे दोन तुकडे पडले. वहिनीने काही न बोलता तेवढेच दोन नवे तुकडे ताटात वाढले.

"तिला त्या दाराच्या आत ठेवलं," आजी म्हणाली, "आणि मला बाहेर. उपाशी पोरीला एकटीला ठेवलं. तेव्हा मी त्यांचं ऐकलं, कारण ते शिकलेले होते. आता माझीही मुलगी शिकलीय." तिने टेबलाची कड धरली. "तुझ्या बापाने मला उचलून खाली नेलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुझं ताट होईपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही. संध्याकाळ झाली तरी."

आता सगळे दादाकडे बघत होते. भिंगरीही.

दादाने आईकडे बघितलं. मग त्या दोन तुकड्यांकडे बघितलं. त्याच्या मनात काय झालं, हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. वहिनीला इतकंच दिसलं की, तो उठला, दारात भिंतीला टेकवलेली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आला. आपली खुर्ची उचलून भिंगरीच्या बरोबर समोर आणली. बसला.

"उद्या आपण कुठेही जात नाही," तो म्हणाला. "आणि आज कुणी उठत नाही. मीही नाही. उचल घास."

"बाबा!"

"मला कळतं तुझं. तुला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. उचल."

भिंगरीने आईकडे बघितलं. आई तेच म्हणाली. आत्याकडे बघितलं, तर आत्या आपल्या ताटातला पाव शांतपणे खात होती. आजीकडे बघायचीही गरज नव्हती.

तिच्या डोक्यात कितीतरी महिने कुणीतरी अखंड बोलत असे. काय खायचं नाही, किती चालायचं, कुणाशी खोटं कसं बोलायचं. त्याला नेहमी एखादी फट सापडायची. आई रागावली की बाबा होते, बाबा रागावले की आई होती, दोघेही रागावले की निजायची खोली होती. आज फट सापडेना. डोक्यातला आवाज भिंतीवर आपटत होता, किंचाळत होता. तिला भयंकर राग आला. चौघांचाही आला. तिने काटा फेकला. वहिनीने तो उचलला, पुसला, परत तिच्या हातात दिला.

आणि त्या रागाच्या तळाशी, अगदी खाली, तिला काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. आता निर्णय आपल्याला घ्यायचा नाही. खाल्लं तर आपण हरलो असं होणार नाही, कारण खायला लावणारे हे चौघे आहेत. भांडायचं असेल तर त्या आवाजाने यांच्याशी भांडावं.

तिने बटाटा तोंडात घातला. चावला. गिळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं करायचं नाही, हे आत्याने आधीच बजावलं होतं. वहिनी फक्त म्हणाली, "पुढचा."

पुढचा घासही गेला. त्याच्या पुढचा अडला, त्यावर बराच वेळ रडारड झाली, मग तोही गेला. दूध गार झालं, वहिनीने उठून ते गरम करून आणलं. मधे दादाने न राहवून वरच्या मजल्यावरच्या लिफ्टमध्ये एक जाडा वकील आपल्या कुत्र्यासकट कसा अडकला होता आणि वर चढून सुटका करायला गेलेल्या दादालाच ते कुत्रं कसं चावलं, ही गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना पाठ होती. आजीला मात्र माहीत नव्हती. या घरच्या जेवणाच्या टेबलावरची एकही गोष्ट तिला माहीत नव्हती. ती इतकी हसली की कवळीवर हात ठेवावा लागला, आणि दादाने ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, जास्त मीठ-मसाला लावून सांगितली.

खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीवर चढलं तेव्हा भिंगरीचं ताट रिकामं झालं. ती ताटाकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," दादा म्हणाला, आणि मग त्याचा बांध फुटला. तो टेबलावर डोकं ठेवून, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखा रडला. आजीने हात लांबवून त्याच्या डोक्यावर ठेवला. मुलाच्या डोक्याला तिने किती वर्षांनी हात लावला होता, ते तिलाही आठवेना.

"रडून घे," ती म्हणाली. "रात्रीचं जेवण आहे अजून."

*

रात्रीचं जेवण होतं, सकाळची न्याहारी होती, आणि त्यानंतर पुढचे कितीतरी महिने होते. आजी राहायला आली ती राहिलीच. पहिल्या दुपारनंतर सगळं सुरळीत झालं, असं मुळीच नाही. भिंगरीने ताटं फेकली, दारं आपटली, एकदा घर सोडून बसथांब्यापर्यंत गेली. दोनदा वजन परत उतरलं, आणि एका आठवड्यात दाढीवाल्याने इस्पितळाची खाटही तयार ठेवली होती. दादाने दुपारची कामं हाताखालच्या माणसाला दिली. वहिनी साचे घरी आणून करायला लागली, त्यामुळे टेबलाच्या टोकाला कुणाचे तरी दात नेहमी हसत असायचे. भिंगरीला आधी त्याची किळस यायची, मग सवय झाली, मग ती त्यांना नावं ठेवायला लागली.

हळूहळू दोन स्वेटरांचा एक झाला आणि मग तोही गेला. दाढीवाल्याने ताट वाढायचं काम थोडं थोडं तिच्याकडे सोपवायला सांगितलं. ती परत शाळेत जायला लागली. मैत्रिणीशी भांडली, गणितात कमी मार्क पडले म्हणून खोटं बोलली, पकडली गेली. पंधरा वर्षांच्या मुलीने करायच्या सगळ्या उचापती तिने सोळाव्या वर्षी व्याजासकट केल्या.

आत्याच्या विभागात मात्र सगळं शांत होतं. अभ्यासातल्या शेवटच्या मुलीची शेवटची तपासणी झाली, माहिती गोळा करणं बंद झालं, आणि आकडेवारीची बाई आपल्या खोलीत दार लावून बसली. कोणती मुलगी कोणत्या गटात, हे तपासणाऱ्यांपासून इतकी वर्षं लपवून ठेवलेलं होतं. दुपार कलताना ती बाई आत्याच्या दारात आली. तिच्या हातात एकच कागद होता.

"बसा," ती म्हणाली.

"बसलेलीच आहे."

"मग उठू नका."

आत्याने कागद घेतला. एका गटात फक्त मुलींवर उपचार झाले होते, आईवडलांना बाहेर ठेवून. दुसऱ्या गटात आईवडलांना ताटाशी बसवलं होतं. वर्षभरानंतर पूर्ण बऱ्या झालेल्या मुली दुसऱ्या गटात जवळजवळ दुप्पट होत्या. तिने आकडे परत वाचले. उलट्या बाजूने तपासले. मधे कुणी गळालं का, कुणाचं वजन चुकीचं धरलं का, एखाद्याच केंद्राने तोल बिघडवलाय का, सगळं विचारलं.

"तीन वेळा बघितलंय मी," बाई म्हणाली. "पक्कं आहे."

सगळ्या मुली बऱ्या झालेल्या नव्हत्या. ज्या झाल्या नाहीत त्यांच्यासाठी अजून पुष्कळ शोधायचं होतं, आणि हे आत्याला कागद हातात असतानाच कळत होतं. पण तो व्हरांडा, ते धुरकट काचेचं दार, त्याबाहेर डबा घेऊन उभी असलेली आई, आणि बारा वर्षांची ती स्वतः, आईच्या पदराला धरून. त्या मुलीला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर या कागदावर होतं. ते तिने स्वतः शोधलं होतं, आणि आता ते कुणालाही खोडता येणार नव्हतं.

विभागात आरडाओरडा सुरू झाला. दाढीवाला कुणालातरी मिठी मारत होता. आत्याने दार लावून घेतलं आणि दादाच्या घरी फोन लावला. हे आईला आधी सांगायचं होतं.

बराच वेळ वाजल्यावर भिंगरीने उचलला. मागे नुसता कल्ला चालला होता. वहिनी हसत होती, दादा कुठलीतरी लिफ्टची गोष्ट सांगत होता, आणि आजी त्याला मधेच तोडून, "खोटं! मागच्या वेळी कुत्रा लहान होता," असं ओरडत होती.

"आत्या?" भिंगरीच्या तोंडात घास होता. "फार महत्त्वाचं आहे का? नंतर करशील? आम्ही जेवतोय."

आत्याने हातातल्या कागदाकडे बघितलं.

"नाही, काही घाई नाही," ती म्हणाली. "जेवा सावकाश."